नर्सरीवाल्या बाई आणि आईचा कडुनिंब

नर्सरीवाल्या बाईंनी गेल्या पावसाळ्यानंतर काम बंद केलं. अमरावतीत बडनेरा रोडला त्यांनी भाड्याने घेतलेली जागा मालकाला परत हवी होती. उरलेली रोपं त्यांनी ओळखीच्या गिऱ्हाइकांकडे पोचती केली आणि त्या अकोटला लेकीकडे राहायला गेल्या.

अंगण आखायला बोलावलं की बाई आधी झाडांचं काही बोलत नसत. फाटकातून आत आल्या की प्रश्न ठरलेला असे, "कूलर कोनत्या खिडकीत बसवता?" बदलीवर आलेली माणसं गोंधळत. इथे मार्च ते जून घर कूलरवर चालतं. खिडकीसमोरच झाड लावलं, तर उन्हाळ्यात कूलर बसवताना त्याच्यावर कोयता चालतो. थोडं बाजूला लावलं, तर कूलरवर सावली पडते आणि सांडलेलं पाणी मुळांना मिळतं. खिडकी कळल्यावरच बाई बाकीचं अंगण पाहत.

साडीवर नवऱ्याचा जुना फुल बाह्यांचा शर्ट आणि डोक्याला रुमाल, असा त्यांचा कामाचा वेश. तोडणी, छाटणी, माती भरणं, कुंपण, सगळ्याचा ठेका त्या घेत. दोन माणसं झाडावर चढत, बाई खाली उभ्या राहून ओरडत. "अबे, फांदी तोडाले चढला का झोपाले?" हे अर्ध्या गल्लीला ऐकू जाई. सांगितलेल्या दिवशी त्या क्वचितच आल्या. फोन केला तर म्हणत, "निघूनच राहिलो, बापा," आणि दुसऱ्या दिवशी येत.

कॅम्प भागातल्या एका साहेबांना घरासमोर लॉन हवी होती. बाईंनी विचारलं, "नळ कधी येते तुमच्याकडे?"

"एक दिवसाआड."

"मंग गवत बी एक दिवसाआड हिरवं राहीन."

साहेबांनी ते काम दुसऱ्याला दिलं. बाईंना त्याचं काही वाटलं नाही. फुलझाडांवर त्यांचा राग होता, तो मात्र अनेकांना महागात पडला. सांगितलं नसलं तरी त्या कढीपत्ता लावत. आमच्या गल्लीत एका घरी बोगनवेलीच्या खड्ड्यात त्यांनी कढीपत्ता लावला. घरमालकीण चिडल्या. बाई म्हणाल्या, "भाजीत बोगनवेल टाकसान काय?" शेवटी बाईंना बोगनवेल आणून लावावी लागली. कढीपत्ता त्यांनी फाटकाच्या दुसऱ्या बाजूला लावला.

आमच्याकडे त्या आल्या कडुनिंबासाठी. झाड अंगणाच्या कडेला होतं. त्याची सर्वांत जाड फांदी शेजारच्या राऊतांच्या मागच्या खोलीवर, टिनाच्या छपरावर गेलेली होती. खोडात जिथे फांद्या फुटतात तिथे पोकळी पडली होती. आई निवृत्त शिक्षिका. वडील गेल्यानंतर तिचा दिवस त्या झाडाखालच्या खुर्चीत जाई. भाजी निवडणं, पेपर, शेजारणींशी बोलणं, सगळं तिथेच.

बाईंनी शिडी लावली, पोकळीत कोपरापर्यंत हात घातला आणि खाली उतरून म्हणाल्या, "हे झाड जाईन."

"फांदी छाटून भागणार नाही?" आईने विचारलं.

"फांदी काढली त सारं वझं इकडच्या अंगाले येते, मास्तरीनबाई. मंग ते तुमच्या घरावर."

"माझ्या घरावर पडू द्या. मी तोडू देणार नाही."

महापालिकेच्या परवानगीचा अर्ज आपण करून टाकू, असं मी बाईंना बाजूला घेऊन सांगितलं. त्यांनी कोयता पिशवीत घातला. "तुमी बसता का इथं? त्या बसतात. त्याईनं हो म्हनल्याबिगर मी हात लावत नाही." मग आईकडे वळून त्यांनी चहा मागितला.

हा त्यांचा नियम होता. झाड तोडायला सांगणारा एक असतो आणि त्याच्या सावलीत बसणारा दुसरा, असं त्यांना बऱ्याच घरांत दिसलं होतं. अर्धं खोड कापल्यावर कोणीतरी रडत बाहेर येतं आणि मग ते झाड धड उभंही राहत नाही, असं त्या सांगत.

तो सगळा हिवाळा बाई जाता-येता आमच्याकडे थांबत. कडुनिंबाखाली दुसरी खुर्ची आली. दोघींचं बोलणं बहुतेक वेळा भांडणासारखं ऐकू येई.

"नवं झाड लावून देते म्हणता. ते मोठं होईपर्यंत मी राहीन काय?"

"मले काय माहीत वो? मी राहीन का नाही, तेच माहीत नाही. पानी कोन टाकन, तेवढं सांगा."

उन्हाळ्याच्या सुरुवातीला राऊतांची मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. आई तिला भेटायला गेली. मुलीची खाट मागच्या खोलीत टाकली होती आणि पाळण्यासाठी छताला नवा हुक बसवला होता. आई परत आली, खुर्चीत बसली नाही. स्वयंपाकघरातून म्हणाली, "बाईंना बोलवा."

परवानगी मिळाल्यावर मृगाच्या आधी दिवस ठरला. बाई या वेळी सांगितलेल्या दिवशी आल्या, किंबहुना आदल्या संध्याकाळीच. स्वतः बादल्या भरून त्यांनी झाडाला पाणी घातलं. "उपाशी धाडू नये," एवढंच म्हणाल्या. कोणतंही झाड तोडण्याआधी त्या हे करत. सकाळी दोराने बांधून एकेक फांदी उतरवणं सुरू झालं, तेव्हा आई आतल्या खोलीत होती. बाई दारात आल्या.

"आत कावून बसल्या? इतके वर्स संगं बसल्या न त्याच्या? आता पाठ नका दाखवू."

आई ओसरीवर येऊन बसली. दुपारपर्यंत खोड खाली आलं. राऊतांच्या छपराला ओरखडाही गेला नाही.

त्यानंतर आईने अंगणात बसणं सोडलं. खुर्ची आत गेली. बाईंनी न सांगता एक दिवस बांबू आणून अंगणात नर्सरीची हिरवी जाळी ताणून दिली.

"प्लास्टिकखाली कोण बसेल?" आई म्हणाली.

"मी बसतो. तुमी चहा करा."

आईने चहा आणला, थोडा वेळ उभी राहिली आणि मग बसली. पुढे बाई आल्या की ती जाळीखाली बसे. बाई नसतील त्या दिवशी बसत नसे. बाई अकोटला गेल्यावर जाळीखाली कोणीच बसलं नाही.

या महिन्यात बाईंचा फोन आला. आईने तो मोठ्या आवाजावर ठेवला होता. "लेकीच्या अंगनात मोठी चिंच हाये, मास्तरीनबाई. एकटी बसून राहिलो. येता काय?"

वडील गेल्यानंतर आईने एकटीने प्रवास केलेला नाही. आम्ही गाडीने सोडतो म्हणालो, तिने ऐकलं नाही. सोमवारी सकाळी ती अकोटच्या एसटीत बसली. पिशवीत दोन साड्या होत्या. शनिवारी येते, असं सांगून गेली होती.

तो शनिवार गेला, आज मंगळवार आहे. आई अकोटलाच आहे.