सांदवाडी मोकळी केली तेव्हा

बाळ पोटातच गेलं. आठवा महिना लागला होता. ब्रह्मपुरीच्या दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा उन्हाळा भर जोरात होता आणि मला दूध येत होतं. ते कसं थांबवायचं हे सासूबाईंनी सांगितलं, मी ते केलं, पण त्यानंतर घरात मी कुणाशी धड बोलत नव्हते. नवरा सकाळच्या जीपने राइस मिलमध्ये जायचा आणि संध्याकाळी यायचा. तोही बोलत नव्हता. जेवताना भांड्यांचाच काय तो आवाज.

दुपारी घरात बसवत नाही म्हणून मी मागे सांदवाडीत जाऊन बसायला लागले. सांदवाडी म्हणजे घरामागची मोकळी जागा. गावात प्रत्येक घराला असते, आमची जरा मोठी होती. तेव्हा तिथे तुटकी कौलं, बैलबंडीचं एक मोडकं चाक आणि न्हाणीच्या सांडपाण्याचा चिखल, एवढंच होतं. पलीकडे बोडीची, म्हणजे लहान तळ्याची, पाळ आणि पाळीच्या पलीकडे जंगल. मी तिथे बसून हाती लागेल त्या खापरीने जमीन उकरत राहायची. का, ते माझं मलाच माहीत नव्हतं.

सासूबाईंनी दोन-चार दिवस पाहिलं. मग एक दिवस पदरात काहीतरी बांधून आल्या.

"नुसती माती काऊन उकरून राह्यली? उकरतेच आहे तं हे टाक त्याच्यात."

पदरात वालाच्या बिया होत्या. आमच्याकडे त्याला पोपट म्हणतात. सोबत दोडका, कोहळं आणि अंबाडी. पाऊस धरल्यावर मी ते सगळं लावलं. आधी कौलं उचलली, मुरूम सब्बलने, म्हणजे पहारीने, फोडला, गोठ्यातलं जुनं शेणखत टोपल्याटोपल्याने आणून टाकलं. हाताला फोड आले, ते फुटले, आणि रात्री ते हुळहुळत राहिले की मला जरा बरं वाटायचं. दुखायला एक जागा मिळाली होती.

न्हाणीच्या चिखलात सासूबाईंनी केळी लावायला सांगितल्या. घरातलं सांडपाणी त्या पिऊन टाकतात आणि वास येत नाही. केळीच्या सावलीत हळद लावली, तिला सावली चालते. पोपटाच्या शेंड्यांवर काळा मावा आला तेव्हा सकाळी दवात चुलीची राख उडवायला त्यांनीच शिकवलं. ऊन वाढल्यावर उडवली तर राख पानांवर टिकत नाही. असल्या गोष्टी मी एकेक करून शिकत होते आणि त्या वेळी डोकं दुसरीकडे जात नव्हतं.

कोहळ्याच्या वेलाने मात्र मला रडवलं. वेलाला फुलं आली, फुलांमागे बोराएवढी फळं दिसली, आणि दोन दिवसांत ती पिवळी पडून गळाली. पुन्हा आली, पुन्हा गळाली. एका सकाळी मी ते पिवळं फळ हातात घेऊन वेलापाशी बसले आणि मला उठताच येईना. सासूबाई आल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, फळाकडे पाहिलं, आणि बिनफळाचं एक फूल तोडलं. त्याच्या पाकळ्या सोलून आतला केसराचा दांडा फळवाल्या फुलात फिरवला.

"पाऊस लय झाला का माशा येत नाई. मंग आपणच करा लागते. सकाळीच, ऊन चढाच्या आंदी."

मग म्हणाल्या, "याच्यात वेलाची चूक नाई. तुहीबी नाई."

त्या आधी किंवा नंतर या विषयावर त्या कधीच बोलल्या नाहीत.

दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत सांदवाडी ओळखू येईना अशी झाली. नवऱ्याने सुट्टीच्या दिवशी बांबू फोडून मांडव घातला. त्यावर पोपट आणि दोडका असे पसरले की खाली दुपारीही अंधारल्यासारखं वाटायचं. केळीचं बेट झालं. कुंपणाला अंबाडी आणि तूर डोक्याच्या वर गेली. नवरा संध्याकाळी येऊन मांडवाखाली बसू लागला. शेंगा तोडता तोडता आम्ही थोडं थोडं बोलायला लागलो. पहिल्यांदा मिलमधल्या गोष्टी, मग इकडचं तिकडचं. एकदा त्याने विचारलं, "नाव काय ठेवलं असतं आपण?" मी सांगितलं. त्याने मान हलवली आणि शेंगा तोडत राहिला. मी त्या मांडवाखालीच जगले, असं म्हटलं तरी चालेल.

थंडी पडायला लागली तेव्हा बिबट आला.

जंगलाला लागून गाव, त्यामुळे वाघ, बिबट, डुकरं हे आम्हाला नवीन नाही. पण हा गावात शिरत होता. आधी कुत्री जायला लागली. मग टोकाच्या घरची बकरी गोठ्यातून ओढून नेली. बायका बोडीवर एकट्या जाईनात. अंधार पडायच्या आत गाव दारं लावून घेऊ लागलं. मीही घाबरत होते, पण तो तिकडे, गावाच्या त्या टोकाला आहे, असं मनाशी म्हणत होते.

एका सकाळी मी हळद पाहायला केळीत वाकले. पानं पिवळी पडायला आली होती, काढायची वेळ जवळ आली होती. पाहते तर हळदीचे दांडे आडवे झालेले. मध्ये एवढी मोठी गोल जागा दबलेली. मी हात लावला. तिथली माती बाकीच्या मातीसारखी गार नव्हती. शेजारी केळीच्या वाळलेल्या पानावर कुत्र्याचे केस होते.

मी घरात आले आणि कुणालाच काही सांगितलं नाही. दिवसभर मागचं दार लावून ठेवलं. संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. तो काठी घेऊन पाहून आला आणि उंबऱ्यावर बसला.

"इथीच बसून राह्यला तो," तो म्हणाला. "दिवसा."

"फटाके फोडू. टिनाचे डबे बांधू."

"हो, बांधू," तो म्हणाला. पण माझ्याकडे पाहत नव्हता.

आम्ही डबे बांधले. मी सकाळ-संध्याकाळ थाळी वाजवायची. न्हाणीजवळ बल्ब लावला. माणसाचा वास राहावा म्हणून नवऱ्याचे जुने कपडे कुंपणावर टांगले. जो जे सांगेल ते केलं, एक झाडं-वेल कापणं सोडून.

फॉरेस्टवाले आले. त्यांनी आमच्या घरांची पूर्ण ओळ फिरून पाहिली आणि आमच्या मांडवाखाली येऊन थांबले. त्यातला वनरक्षक आमच्याच भागातला होता, आवाज चढवत नव्हता.

"बाई, हे सारं साफ करा लागते. त्याले दिवसा लपाले जागा पायजे असते. जागा नसली का तो गावात थांबत नाई."

"पाळीवरचं झुडूप काढा ना तुम्ही," मी म्हणाले. "पुरं जंगल आहे तिकडं. माह्याच सांदवाडीत काऊन येते तो?"

"पाळीवरचंबी काढून राह्यलो. पण इथी घर लागून आहे."

सासूबाई मध्ये पडल्या. "शेंगा लागल्या आहेत भाऊ. महिनाभर थांबा. मंग पोपट आपोआप वाळते."

तो जाताना शेजारच्या अंगणाकडे एकदा पाहून गेला.

शेजारच्या घरात एक लहान मुलगी होती, नुकती वाक्यं जोडून बोलायला लागलेली. तिची आई माझ्याहून धाकटी. आम्ही दोघी एकाच वर्षी या गावात लग्न होऊन आलो. बाळ गेल्यावर ती काही महिने तिच्या मुलीला घेऊन माझ्यासमोर येत नसे. माझ्यासाठी ती असं करते हे मला कळत होतं. मग ती मुलगीच कुंपणातून घुसून यायला लागली आणि मांडवाखाली बसून कच्च्या शेंगा चावायची.

फॉरेस्टवाले येऊन गेल्यानंतर काही दिवसांनी, सूर्य बुडायच्या सुमारास, मी चुलीशी होते. बाहेर एक आवाज झाला. कुत्र्याचा, पण अर्ध्यात तुटलेला. मग शेजारणीची किंकाळी. मी मागचं दार उघडलं तर अंबाडी हलत होती. वारा नव्हता, आणि फक्त एका पट्ट्यात हलत होती.

मुलगी तिच्या अंगणात उभी होती. कुत्र्याला भाकर चारत होती ती. भाकरीचा तुकडा हातात तसाच होता. बिबट माझ्या कुंपणातून निघाला होता, तिच्या हाताजवळून त्याने कुत्रा उचलला होता आणि आला तसाच माझ्या तुरीतून परत गेला होता. तिला नख लागलं नव्हतं. पण ती रडतही नव्हती. तिची आई तिला हलवत होती, नावाने हाका मारत होती, आणि ती पापणी न हलवता अंबाडीकडे पाहत होती.

गाव जमलं. टॉर्च, काठ्या, ओरडा. कुणीतरी म्हणालं, "हे बगीचे लावते गावात, अन् लोकाईचे लेकरं मरतीन." नवरा त्याच्यावर धावून गेला, लोकांनी धरला. मी दारातच उभी होते.

सकाळी शेजारीण आली. रात्रभर झोपलेली नव्हती. मुलगी कडेवर, अजून एक शब्द बोललेली नव्हती. मला वाटलं ही आता मला शिव्या देईल. दिल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

"बाई," ती म्हणाली, "तुह्यं काय आहे या सांदवाडीत ते मले माहीत आहे. मी हात जोडून सांगून राह्यली. कापून टाक."

आणि ती खरंच हात जोडायला लागली. कडेवर मुलगी असल्यामुळे हात जुळेनात. मी तिचे हात धरले.

नवरा म्हणाला, "तू घरात बस. मी पोट्टे बोलावतो, दुपारपर्यंत होऊन जाते."

"नाई. कोणाले बोलवायचं नाई."

विळा घेऊन मी मांडवाखाली गेले. पोपट पुऱ्या बहरात होता. वर जांभळी फुलं, खाली शेंगांचे घोस. बुंधा अंगठ्याएवढा जाड असतो, एका घावात तुटतो. मी तोडत गेले. कापलेला वेल लगेच सुकत नाही. मुळाशी तुटून गेलेला असतो आणि वर मांडवावर फुलं तशीच ताजी असतात, त्यांच्यावर माशा येत असतात. ते पाहून मला ओरडावंसं वाटलं. मी ओरडलेही. काय ओरडले ते आठवत नाही. सासूबाई धावत आल्या, नवऱ्याने त्यांना थांबवलं.

अंबाडी, तूर, दोडका. दुपारपर्यंत कुंपण उघडं झालं. मग केळी. केळ नुसती कापून भागत नाही, आठवड्यात आतून नवीन पान वर येतं. गड्डा खणून काढावा लागतो. एका केळीने नुकतंच केळफूल टाकलं होतं. तिच्यासमोर मी थांबले. नवऱ्याने माझ्या हातातली सब्बल घेतली, मला बाजूला केलं आणि स्वतः घाव घातला. घाव घालताना तो रडत होता. दवाखान्यातही मी त्याला रडताना पाहिलं नव्हतं. केळीचं पाणी त्याच्या शर्टावर उडत होतं. त्याचे डाग कधी जात नाहीत.

शेवटी मांडव पाडला. संध्याकाळी मागच्या दारातून बोडीची पाळ सरळ दिसत होती. माझं घर एवढं जंगलाजवळ आहे हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं. मी उंबऱ्यावर बसले आणि पाय पोटाशी घेतले. दवाखान्यातून आल्या दिवशीची तीच पोकळी होती, तशीच, जशी काही मधली दीड-दोन वर्षं झालीच नव्हती. सासूबाई शेजारी येऊन बसल्या.

काही दिवसांनी बिबट पुन्हा आला. सकाळचं कोवळं ऊन पडलं होतं. आमच्या ओळीतल्या बऱ्याच जणांनी त्याला पाहिलं. मोकळ्या झालेल्या सांदवाडीच्या मधोमध येऊन तो थांबला, इकडेतिकडे पाहिलं आणि पाळ चढून गेला. पोट खपाटीला गेलेलं, एका पायाने लंगडत होता. त्यानंतर तो आमच्याकडे आला नाही. पुढे दूरच्या एका गावाजवळ पिंजऱ्यात एक बिबट सापडल्याचं कळलं. हाच होता की दुसरा, कोणी सांगू शकलं नाही. शेजारची मुलगी होळीच्या सुमारास बोलायला लागली, पण अंगणात एकटी जात नाही.

पाऊस आला तेव्हा उपटलेल्या जागेत बरंच काही आपोआप उगवलं. पडलेल्या शेंगांतून पोपट, मातीत राहिलेल्या तुकड्यांतून हळद, एका कोपऱ्यात केळीचा कोंब. मी ते वाढू देऊ शकत नव्हते. नवऱ्याने मिलमधून तेलाचे रिकामे टिन आणले, बुडाला भोकं पाडली आणि घरासमोर, रस्त्याच्या बाजूला, त्यात मिरची आणि सांबार लावला. सांबार म्हणजे कोथिंबीर. ती येते. मी तिला पाणी घालते. मुद्दाम बसून पाहावं असं तिच्यात मला काही दिसत नाही.

मागे मात्र दर आठवड्याला जावं लागतं. पूर्वी ज्या वेळी राख उडवायला जायची त्याच वेळी, दवात, जाते. ओल्या मातीतून मूळ अख्खं निघतं. गुडघ्यावर बसून मी पोपटाची रोपटी एकेक उपटते, दोन पानांवर असतानाच, आणि पाळीपलीकडे फेकून देते.