फिलोजेनचं गाणं आणि आनासिलची शेळी

फिलोजेनला तुम्ही पाहिलं असतंत तर म्हणाला असतात, या माणसाला शेतात कशाला आणलंय? उजवा खांदा डाव्यापेक्षा चांगला चार बोटं खाली उतरलेला, आणि कुदळ उचलली की तोंड असं व्हायचं जणू कच्चं लिंबू चावलंय. मोठ्या वादळात घराची भिंत त्याच्या अंगावर आली होती. पत्रे तर उडून दरीपलीकडं गेले. त्यातला एक पुढं कुणाच्या तरी डुकराच्या खुराड्यावर सापडला. फिलोजेन तो परत मागायला गेला आणि डुकरावर गाणं रचून रिकाम्या हातानं परत आला. मी विचारलं, "पत्रा कुठंय?" तर म्हणतो, "कोंपे, डुक्कर इतक्या ऐटीत बसलं होतं, त्याला उठवावंसंच वाटेना."

कोंपे म्हणजे मी. त्याच्या पोराला बाप्तिस्म्याच्या वेळी मी हातावर धरलं, तेव्हापासून आम्ही एकमेकांचे कोंपे. ते पोरगं आता सरहद्दीपलीकडं दुसऱ्यांच्या इमारतींना विटा वाहतं आणि कधीमधी फोन करून विचारतं, "बाबा अजून गातोय का?" तब्येतीचं नंतर विचारतं.

कारण फिलोजेन म्हणजे गाणं. आमच्या फों-पाल्मच्या डोंगरात एकट्यादुकट्याला शेत होत नाही. उतार असा की बी पेरताना एक पाय वरच्या दगडाला टेकवावा लागतो, आणि माती दर पावसाळ्यात थोडी थोडी खालच्या ओढ्याला जाते. म्हणून आमच्याकडं कोंबीत. आज सगळे तुझ्या शेतात, उद्या सगळे माझ्या. पहाटे शेतमालक शंख फुंकतो, माणसं खांद्यावर कुदळी टाकून येतात, ओळीनं उभी राहतात, आणि ओळीसमोर ढोल घेऊन गाणारा. त्यानं एक ओळ म्हणायची, बाकीच्यांनी झेलायची, आणि तालावर सगळ्या कुदळी एकदम खाली. फिलोजेन गायला लागला की म्हातारी माणसंही पोरांच्या बरोबरीनं खणायची, नाहीतर गाण्यात नाव यायचं ना! तो आयुष्यभर दुसऱ्यांच्या शेतात गायला, आणि त्या गाण्याच्या बदल्यात लोकांनी त्याचं शेत खणून दिलं. हाच त्याचा संसार.

शेतमालकानं कोंबीतला जेवू घालायचं आणि गाणं ऐकून घ्यायचं. उलट बोलायचं नाही. गाणाऱ्यानं तुमची कंजुषी काढली, तुमच्या सासूचं नाक काढलं, तरी हसायचं. पण त्यालाही एक नेम आहे. शेतात म्हटलेलं गाणं शेतातच सोडून यायचं. बांध ओलांडला की ते संपलं. माझा बाप या बाबतीत इतका कडक, की घरी परतताना कुणी नुसती शीळ घातली तरी टोपी फेकून मारायचा. एकदा ती टोपी ओढ्यात वाहून गेली आणि तो उन्हातान्हात उघड्या डोक्यानं हिंडला, पण ते असो.

तर त्या वर्षी आनासिलच्या शेतात कोंबीत होती. आनासिल विधवा बाई, अंगानं उंच, आवाज त्याहून उंच. तिचे चार मुलगे म्हणजे आमच्या ओळीचा कणा. लोकांना वाटलं होतं, आज शेळीचं मटण मिळणार. दुपारी झाकण उघडलं तर मक्याचा सांजा, काळ्या घेवड्याचं कालवण आणि खारी मासळी. शेळी आपली आंब्याखाली रवंथ करत होती. फिलोजेनला एवढं पुरे. ढोलावर थाप पडली:

"शेळीनं पाहिला चुलीचा धूर!"
"होऽ, धूर!"
"म्हणाली आनासिल, आपण कशाला दूर?"
"होऽ, दूर!"
"बस माझ्या पाटावर, खा माझ्या ताटात,"
"होऽ, ताटात!"
"कोंबीतला मासळी, ती पण काट्यात!"

आनासिलसुद्धा हसली. शेळी गाभण होती, म्हणून तिनं ठेवली होती. पण शेतमालकानं उलट बोलायचं नाही, म्हणून ती बोलली नाही. इथवर सगळं रीतीला धरून होतं.

दुसऱ्या दिवशी फिलोजेन झऱ्यावर गेला. पाण्याची रांग मोठी, उन्हाळ्यात झऱ्याची धार करंगळीएवढी. बायका कंटाळलेल्या, कुणीतरी म्हणालं, "तोन्तोन फिलोजेन, अहो काका, म्हणा की कालचं!" आणि या गृहस्थानं बादली पालथी घालून, तीच बडवत, पूर्ण गाणं म्हटलं. वर दोन कडवी नवीन जोडली.

झऱ्यावर म्हटलेलं गाणं आणि फुटलेलं पाण्याचं भांडं सारखंच, आवरता येत नाही. शनिवारच्या आत ते खालच्या बाजारात पोचलं. आनासिल केळीचे घड डोक्यावर घेऊन उतरली, तर मिरच्यावाली विचारते, "काय गं, शेळी जेवली का?" कोळसेवाली म्हणते, "शेळीला पण आणायचंस की बाजारात, एकटी कशी राहील घरी?" आनासिल घड तसेच डोक्यावर घेऊन अर्धा डोंगर परत चढली. केळी विकलीच नाहीत.

आणि कोंबीतच्या फेऱ्यात आता एकच शेत राहिलं होतं. फिलोजेनचं.

ढग रोज दुपारी दरीत येऊन बसायला लागले होते. त्याआधी जमीन उलटली नाही तर मका गेला, घेवडा गेला. आणि त्या खांद्यानं फिलोजेनला एकट्याला ते वर्षभरात झालं नसतं. आनासिलचे मुलगे आले नाहीत तर बाकीचे कशाला येतील? त्याची बायको दियेला त्याला म्हणाली, "आता गाणंच पेर. बघू काय उगवतं."

म्हणून तो माझ्याकडं आला. "कोंपे, चल माझ्याबरोबर."

"तोंड तुझं, आणि माफी मागायला दोघं?"

"तू नुसता उभा राहा रे. एकट्याला बघून ती मुसळ फेकेल. दोघं असलो तर विचार करेल, कुणाला मारू."

आम्ही गेलो. तुम्हाला ठाऊकच आहे, आमच्याकडं कुणाच्या अंगणात शिरायचं तर कुंपणाशी थांबून "ओनेऽ" म्हणायचं, आणि आतून "रेस्पे" आलं की मगच पाऊल टाकायचं. आधी मान द्यायचा, मग घ्यायचा. फिलोजेननं हाक दिली, "ओनेऽ!"

आनासिल उखळात कॉफी कुटत होती. तिनं ऐकलं, सगळ्या डोंगरानं ऐकलं. पण ती कुटत राहिली.

"ओनेऽ!"

धप्प. धप्प. मुसळ चालूच.

आता "रेस्पे" आल्याशिवाय आत जाता येईना, आणि इतकं आल्यावर परत फिरता येईना. निवडुंगाच्या कुंपणाशी आम्ही दोघं बैलासारखे उभे. भाजलेल्या कॉफीचा वास येत होता आणि मला खोटं बोलता येत नाही, माझ्या तोंडाला पाणी सुटलं होतं. शेवटी ती मुसळाकडंच बघत मला म्हणाली, "लेओंस, तुझ्या कोंपेला सांग, शेळीला विचारते आणि कळवते. या घरात तीच मोठी ना!"

फिलोजेन म्हणाला, "आनासिल, झऱ्यावर माझी चूक झाली."

"झऱ्यावर?" मुसळ थांबलं. "झऱ्यावर तू एकदा म्हणालास. मी रोज ऐकते. माझी धाकटी नात परवा शेळीला आजी म्हणाली."

मला हसू आलं. ते मी खोकला करून गिळलं. फिलोजेन मात्र हसला नाही. हे मी पहिल्यांदाच बघत होतो. एरवी डॉमिनो हरल्यावर, आमच्याकडं हरणाऱ्याला लावतात तसे, कानांना, नाकाला कपड्यांचे चिमटे लावून बसवला, तरी चिमट्यांतून वाद घालणारा माणूस. तो टोपी हातात धरून उभा.

"मंगळवारी माझं शेत आहे," एवढंच म्हणाला.

"शंख ऐकू येतो मला," आनासिल म्हणाली आणि परत कुटायला लागली. हो पण नाही, नाही पण नाही.

मंगळवारी पहाटे फिलोजेननं शंख फुंकला. मी आधीच जाऊन बसलो होतो. दियेलानं तीन दगडांवर मोठं पातेलं चढवलं होतं. तिच्या बहिणीनं कोंबडे दिले होते, आणि फिलोजेन सूर्य उगवायच्या आधीपासून कोबी-मिरचीचं लोणचं कापत बसला होता, डोळे पुसत. शंख पुन्हा फुंकला. दरीतून फक्त शंखाचाच आवाज परत आला. ऊन दगडांवर उतरलं. माझ्यासारखे दोन-तीन म्हातारे आले, म्हणजे कुदळीपेक्षा गप्पाच जास्त. फिलोजेननं आमच्याकडं पाहिलं, कोपऱ्यातली कुदळ घेतली आणि स्वतः उताराला भिडला. एक घाव, मग खांदा धरून थांबायचं. आणखी एक घाव. दियेला पातेल्याकडंच बघत राहिली.

मी म्हणालो, "कोंपे, बस कर."

"मका काय खांद्याला विचारून थांबणारंय?" तो म्हणाला.

तेवढ्यात वरच्या पायवाटेवर ढोल वाजला. आधी मला वाटलं, दुसऱ्याच कुणाची कोंबीत असेल. पण ढोल उतरत उतरत जवळ आला. पुढं आनासिल, गळ्यात ढोल. मागं चार मुलगे, सुना. त्यांच्यामागं सगळी ओळ, आणि त्यांच्याही मागं झऱ्यावरच्या, बाजारातल्या बायका, ज्यांचं शेतात काही काम नव्हतं. त्या नुसत्या ऐकायला आल्या होत्या.

बांधावर येऊन ती थांबली. "ओनेऽ!"

दियेलानं पळी दाखवली तेव्हा कुठं फिलोजेन म्हणाला, "रेस्पे!" आणि इतक्या जोरात म्हणाला की कोंबड्या पळाल्या.

"आज गाणार मी," आनासिल म्हणाली. "शेतमालकाला चालेल ना? नाही चालणार तरी उलट बोलायचं नसतं म्हणे."

आणि मग जे गाणं झालं! मी आयुष्यात पुष्कळ ऐकलं, पण बाई जणू वर्षानुवर्षं साठवून बसली होती.

"फिलोजेनची कुदळ कुठं?"
"होऽ, कुठं?"
"नवरीसारखी कोपऱ्यात रुसलीय!"
"फिलोजेनची जीभ कुठं?"
"होऽ, कुठं?"
"डोंगर हिंडून बाजारात बसलीय!"
"दियेला बाई, रात्री तरी"
"होऽ, तरी!"
"खुंटीला टांगतो का ती जीभ घरी?"

"नाही गं, उशाशी घेतो!" दियेलानंच चुलीवरून उत्तर दिलं, आणि ओळीतल्या एकाची कुदळ हसण्यात हातातून निसटून खाली ओढ्यात गेली. फिलोजेन पळीनं कालवण ढवळत होता. एकदा त्यानं मान डोलावली, नकळत. ओळ चांगली जमली होती ना, कारागिराला कारागीर कळतोच. मग स्वतःलाच राग येऊन आणखी जोरात ढवळायला लागला. दुपार कलायच्या आत ओळ ओढ्याच्या काठाला टेकली. तांबडी माती पार खालपर्यंत उलटलेली, ओली, ढेकळांची. ढग नुकते दरीत शिरत होते.

बांध ओलांडून जेवायला बसल्यावर मिरच्यावाली गुणगुणायला लागली, "दियेला बाई, रात्री तरी..." आनासिलनं ढोल तिथंच बांधावर ठेवला आणि तिच्याकडं बघितलं. "काय म्हणतेस? मला नाही बाई माहीत असलं गाणं." मिरच्यावाली गप्प झाली. त्यानंतर ते बाजारात कुणी म्हटलं नाही, झऱ्यावरही नाही.

फिलोजेननं पहिलं ताट स्वतः वाढलं आणि आनासिलसमोर नेऊन ठेवलं. ती घास घेऊन थांबली.

"मीठ जास्त झालंय."

आम्ही सगळे वाट बघत होतो, आता हा काय बोलतो. त्यानं तोंड उघडलं. मिटलं.

"झालंय खरं," म्हणाला, आणि तिच्यासाठी पाणी आणायला उठला.