आज्जी, फुंकू?

माझी नात सातव्या महिन्यातच जन्मली. काचेच्या पेटीत तिची छाती हलताना बघितली आणि मी ठरवून टाकलं, हिचा श्वास आपणच सांभाळायचा. तेव्हाची मी म्हणजे दहा वर्षांनी लहान आणि दहापट शहाणी. पेटीला काळा दोरा बांधू देत नाही म्हणून नर्सशी भांडले. पोर घरी आल्यावर कायदे काढले: धावायचं नाही, फुगा फुगवायचा नाही. वाढदिवसाच्या मेणबत्त्यासुद्धा मीच विझवायची. सगळ्या फोटोंत गाल फुगवलेली मी, आणि बाजूला कानटोपीतलं पोर.

आता तिला शाळेच्या फुटबॉल संघात जायचं होतं, पण थोडं पळलं की खोकला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या मुलांच्या श्वासनळ्या कधीकधी हळव्या राहतात, तपासू आणि मग खेळाचं ठरवू. तपासणी कशी, तर नळ्या मुद्दाम आवळणाऱ्या औषधाची वाफ थोडी थोडी वाढवत द्यायची आणि दर वेळी फुंकायला लावून मोजायचं. ही बाई डॉक्टर की वैरीण, मला कळेना.

तपासणीच्या दिवशी आत एकालाच सोडत होते. पोरीनं आईला बाहेर बसवलं आणि माझा पदर धरला.

औषधाआधी नुसतं फुंकून दाखवायचं होतं. यंत्रावरची मुलगी फुंक, फुंक, अजून म्हणून ओरडत होती. पोर मात्र गरम दुधावर फुंकर घालावी तशी फुंकत होती. तीनदा तसंच झालं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हिनं सगळा जोर लावला नाही तर तपासणीच होणार नाही, आणि मग खेळायला मी हो म्हणणार नाही. मनातून मला बरंच वाटलं. ऱ्हाऊ दे की, जाऊ घरी.

पण पोर यंत्राकडं बघतच नव्हती, माझ्याकडं बघत होती. तोंडातली नळी काढून हळूच म्हणाली, "आज्जी, फुंकू? रागवणार न्हाईस न्हवं?"

डॉक्टरीणबाईही माझ्याकडं बघायला लागल्या.

"फुंक की," मी म्हटलं. "समोर आज्जीच बसलीया समजून तिला उडवून टाक."

तिनं असं फुंकलं की यंत्रावरची मुलगी हसली. मग वाफ सुरू झाली. पहिल्या दोन वेळा काही झालं नाही. तिसऱ्या वेळी आकडा घसरला आणि तिच्या छातीतून बारीक शीळ ऐकू आली. खांदे वर ओढले जायला लागले. थांबवा म्हणायला मी तोंड उघडलं आणि त्यात पदराचा बोळा कोंबला. अंबाबाईचं नावही आठवेना. डॉक्टरीणबाईंनी नळ्या उघडायचा पंप सावकाश दिला. मी तिचा हात धरून बसले. हात तिचा गरम, माझाच गार. हळूहळू शीळ विरली. पुन्हा फुंकायला सांगितलं, तेव्हा तिनं माझ्याकडं बघितलं नाही.

नळ्या हळव्या आहेत, पण उघडतात, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. रोजचं औषध, खेळाआधी पंप, आणि खेळू द्या. मी म्हटलं, पंप माझ्या कमरेला राहील.

"आज्जी, पंप तिच्याजवळ राहणार. तुम्ही मैदानाबाहेर."

आता रोज संध्याकाळी मी मैदानाच्या कट्ट्यावर बसते. ती पलीकडच्या गोलपाशी गेली की तिचा श्वास मला ऐकू येत नाही. तेवढा वेळ मीही श्वास घेत नाही.