वहिनीने नेट मोजलं

माझी वहिनी शिंपीण. चौपन्नाव्या वर्षी तिच्या डोक्यात बॅडमिंटनचं खूळ शिरलं, आणि मी पोट धरधरून हसले. नणंदेचा हक्कच आहे तो.

आमच्या इथल्या बॅडमिंटन हॉलमध्ये कोर्ट एकच. आपली रॅकेट बाकावर रांगेत ठेवायची. पुढच्या चार रॅकेटी ज्यांच्या, त्यांनी खेळायचं. नवशिक्यांची रॅकेट मात्र बाकावर चालत नसे. त्यांनी कोपऱ्यातल्या भिंतीशी खेळायचं. वहिनी तीन महिने भिंतीशी खेळली.

"वन्सं, भिंत कधी चुकत नाही, दमत नाही, बोलत नाही. तिच्याकडून काय डोंबल शिकणार मी?"

रविवारी सभासद तिचा निकाल लावणार होते. बाकावर जागा मिळाली तर ठीक, नाहीतर खेळ कायमचा बंद, असं तिने मला सांगितलं. जन्मभर दुसऱ्यांच्या मापाने जगलेली बाई पहिल्यांदा स्वतःसाठी काही मागत होती. तेव्हा मात्र माझं हसू पळालं.

मी सोबत गेले. घाईघाईत वहिनी गळ्यातली टेप काढायलाच विसरली. तशीच सभासदांपुढे उभी!

तिथल्या पट्टीच्या खेळाडूला सगळे मेजर म्हणतात. सैन्यात ते कधीच नव्हते, पोस्टात होते. आवाज तेवढा तोफेचा.

"ताई, तुमच्याबद्दल आदर आहे," ते गरजले, "पण नवखा माणूस आला की खेळाचा विचका होतो. इथे एक दर्जा आहे."

वहिनीचं लक्षच नव्हतं. गिऱ्हाइकाचा उतरता खांदा बघावा तशी ती एक डोळा मिटून नेटकडे बघत होती.

"मधोमध खाली आलंय हे. दोन इंच."

"अहो, दहा वर्षं खेळतोय आम्ही याच्यावर!"

वहिनीने टेप लावली. हवं पाच फूट, भरलं चार फूट दहा. सभासदांतल्या एका दाताच्या डॉक्टरांनी दोरी ताणून नेट वर घेतलं, आणि मग जी धमाल उडाली ती काय सांगू! मेजरांचा स्मॅश नेटमध्ये. दुसरा नेटमध्ये. डॉक्टरांची सर्व्हिस नेटमध्ये. जो येईल तो नेटमध्ये! मला तर हसून हसून उचकी लागली.

"नियमाप्रमाणे आता सगळ्यांनीच भिंतीशी जायचं," डॉक्टर डोळे पुसत म्हणाले, "पण भिंत तेवढी लांब नाही हो!"

मेजर लालबुंद झाले होते. मला वाटलं, आता तोफ उडणार. पण ते स्वतःच फिसकन हसले, वहिनीच्या हातातली रॅकेट घेतली आणि बाकावर आपल्या रॅकेटशेजारी ठेवली.

दोघं जोडीने खेळले आणि एकवीस-सातने सपाटून हरले. वहिनी दोनदा मेजरांच्या अंगावर आदळली, एकदा रॅकेटच सुटली. पण एकदा तिने पुढे झेपावून शटल नुसतं उचललं, आणि ते नेटला चाटून अलगद पलीकडे पडलं.

"आमचा पॉइंट!" मेजर हॉल दणाणेल असे ओरडले.

घरी येताना वहिनीने मला भर रस्त्यात चार वेळा थांबवलं.

"वन्सं, ऐकलंत ना? 'आमचा' म्हणाले!"