चवथीचं थंड

परवा सुनेने बाजारातल्या आंब्याच्या रसाचा छोटा डबा फोडला आणि त्या वासाने मला बायकोची शेवटची गणपतीची चवथ आठवली. डॉक्टरने तिची साखर बंद केली होती, म्हणून मी हट्टाने घरातला गूळसुद्धा शेजारी देऊन टाकला होता. पण चवथीत आमच्या कोरगावात आरत्यांना घरोघर जावं लागतं, आणि काहीतरी घेतल्याशिवाय कोण सोडत नाही. तिने चहा नको म्हटलं की बायका म्हणायच्या, “मग थंड घे गो वयनी, फळाचाच रस तो.” ती बापडी विश्वासाने घरोघर एकेक डबा प्यायची. तिसऱ्या दिवशी आरतीतच ती कोसळली. इस्पितळात नर्सने काय काय प्याली ते विचारलं, मी सांगितलं. ती म्हणाली, “काका, त्या एका डब्यात पाच-सहा चमचे साखर असते.” मी म्हटलं, “डब्यावर आंबा काढलाय.” ती म्हणाली, “चित्र काढायला काय जातं?” मला भांडायचं होतं, पण कोणाशी भांडणार, सगळ्यांनी मायेनेच दिलं होतं. बायको शुद्धीवर आलीच नाही. आता चवथीला दारी आलेल्यांना मी नुसतं पाणी देतो. लोक माझ्या मानाखातर एक घोट घेतात आणि पुढच्या घरी जातात, तिथे थंड तयार असतं.