सुनी परदेशात, मी जव्हारला

सुनंदा, माझी सुनी, गेल्याचं कळलं तेव्हा मी शाळेत परिपाठ घेत होते. फोन तिच्या भावाचा. युगांडात, ती काम करायची त्या गावाकडच्या रस्त्यावर गाडी उलटली होती. रडू आलंच, पण त्याआधी मनात काय आलं तेही सांगते... मेली तीही परदेशात! इथेही हिने मला मागे टाकलं. आमची मैत्री अशीच होती. मी जळायची आणि ती हसायची.

आम्ही दोघी आश्रमशाळेतल्या, एका बाकावर बसणाऱ्या. बारावीला माझे गुण तिच्यापेक्षा चांगले होते, हे मी आजही कुणी न विचारता सांगते. पण माझे वडील म्हणाले, मुलीने नाशिकपलीकडे जायचं नाही. सुनीची आई आमच्या मोखाडा तालुक्यातल्या खोडाळ्याची, शाळेचं तोंड न पाहिलेली. मी तिला काकी म्हणते. ती म्हणाली, "जाय बाय, जाशील तवा समजेल." सुनी कृषीची पदवी घेऊन सरकारी शिष्यवृत्तीवर नेदरलँड्सला गेली आणि मी डी.एड. करून जव्हारला शिक्षिका झाले. ती ट्यूलिपच्या शेतात उभी राहून फोटो पाठवायची, तेव्हा मी इथल्याच शिरपामाळावर शाळेच्या सहलीतली पोरं मोजत असायची.

तिथलं शिक्षण संपलं आणि बाईंचे पाय जमिनीला लागले. नोकरी मिळेना. व्हिसाची मुदत सरत आलेली, मुलाखती व्हायच्या आणि नकार यायचे. मला वाईट वाटायचं, आणि बरंही वाटायचं... येईल परत, होईल माझ्यासारखी मास्तरीण, दोघी एकाच एसटीने हिंडू. मग नागलीवर, म्हणजे नाचणीवर, काम करणाऱ्या एका संस्थेनेही तिला नाही म्हटलं. मी चमकलेच. ज्या भाकरीवर आम्ही वाढलो, ती नागली! "तू सांगितलंस तरी काय त्यांना?" मी विचारलं.

"मुंबईजवळची आहे म्हणाले," सुनी म्हणाली.

हे आमच्याकडचं जुनं दुखणं. बाहेर कुणी गाव विचारलं की आम्ही मोखाडा म्हणत नाही. म्हटलं की समोरच्याला कुपोषणाच्या बातम्या आठवतात आणि त्याचा चेहरा कळवळतो. ती कीव नको, म्हणून कुणी मुंबईजवळचं होतं, कुणी नाशिककडचं. त्या मुलाखतवाल्यांना समोर दिसली असणार शहरातली मुलगी, नागली पुस्तकात वाचलेली.

"अगं भवाने, मोखाडा सांग की!" मी फोनवर ओरडले. "रोपांच्या जागेवर पालापाचोळा पसरून राब भाजतो, तिथपासून सांग. भर पावसात वाकून रोपं कुणी लावली, तुझ्या मुंबईने?"

पुढची मुलाखत नागलीवरच काम करणाऱ्या दुसऱ्या संस्थेत होती, तिथे तिने सांगितलं. युगांडातही लोक नागली पिकवतात, खातात. तिथल्या शेतकऱ्यांबरोबर काम करायला त्यांना असंच माणूस हवं होतं. नोकरी लागली. माझ्या शिवीवर ती विमानात बसली आणि मी जव्हारच्या स्टँडवर उभी. शाळेत पेढे मात्र मीच वाटले. मनात म्हटलं, निम्मे तरी माझेच आहेत.

परवा काकीकडे गेले. नवी नागली घरात आली होती. लेकीने पहिला घास खाल्ल्याशिवाय काकी नवं धान्य तोंडात घालत नाही. सुनी तिकडे गेल्यापासून हे फोनवर चालायचं. ती तिकडची नागलीची पेज दाखवून प्यायची, मग इकडे काकी भाकरी मोडायची. या वर्षी भाकरी चुलीजवळ तशीच झाकून ठेवलेली.

"तू खा बाय," काकी म्हणाली. "सुनी नाय, आता कोन खाईल पयला?"

मला राग आला, सुनीचाच. जिवंतपणी सगळं हिने पुढे होऊन घेतलं, आणि आता तिची रिकामी जागा तेवढी माझ्या वाट्याला... तरी भाकरी मोडली. निवली होती, पण गोड होती. मग काकीनेही घास घेतला. निघताना ती ओट्यापर्यंत आली, माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि फोन ठेवताना सुनीला दर वेळी विचारायची तेच मला विचारलं, "कदी येशील गं?"

मी कधी कुठे गेलेच नाही, त्यामुळे हे मला आजवर कुणीच विचारलं नव्हतं. यावर काय म्हणायचं असतं ते सुनीला ठाऊक होतं.