बाबांची शेवटची इच्छा आणि आमची चर्चा

वडिलांच्या दहाव्याला आम्ही दोघा भावांनी गोदाघाटावर निवडणूक लढवली आणि दोघांचंही डिपॉझिट जप्त झालं.

त्याआधीची तीन वर्षं मी आणि दादा बोलत नव्हतो. भांडण जमिनीचं नाही, घराचं नाही. त्याला एक न्यूज चॅनल पटायचं, मला दुसरं. नाशिकातच द्वारका चौकाजवळ त्याचं टायरचं दुकान आहे, तिथे बसून तो फॅमिली ग्रुपवर मला ‘विकला गेलेला’ म्हणाला. मी त्याला ‘आंधळा’ म्हणालो आणि त्याच्या मुलीच्या साखरपुड्याला गेलो नाही. (जेवण फार छान होतं म्हणतात.) आईबाबा माझ्याकडे सिडकोत राहायचे. दादा त्यांना भेटायला यायचा, पण मी कामावर गेलोय याची खात्री करून.

तर असे आम्ही दोघे घाटावर शेजारी शेजारी बसलो. मुंडण झालेलं, पण डोकी तापलेलीच. गुरुजींनी पिंड मांडले. समोर कठड्यावर सहा-सात कावळे बसले होते, त्यातला एक जागचा हलेल तर शपथ. अर्धा तास गेला. मागे दुसरं कुटुंब नंबर लावून उभं, गुरुजींचं लक्ष घड्याळाकडे.

“त्याचं कायतरी राह्यलंय,” बाबांची थोरली बहीण म्हणाली. ही आमची नांदगावची आत्या. “शब्द द्या रे पोरांनो. त्याशिवाय नाय शिवायचा.”

तिने स्वतः पिंडापाशी भेळभत्ता ठेवला. मग चहा ठेवला. एका कावळ्याने मान तिरकी करून बघितलं, तेवढंच.

मग दादा पुढे झाला आणि हात जोडून म्हणाला, “बाबा, काळजी करू नका. पुढच्या वेळीही आपलंच सरकार येणार.”

“आपलं म्हणजे कोणाचं?” मी म्हणालो. “बाबांचं मत आमच्याकडे होतं.”

“मला त्यांनी स्वतः सांगितलंय.”

“मतदानाला त्यांना मी घेऊन गेलो होतो.”

“म्हणजे तू दबाव टाकलास.”

आता गप्प बसणं शक्य नव्हतं. मीही हात जोडले आणि बाबांना शब्द दिला की या सरकारला आम्ही घरी बसवू. दोन कावळे उडून गेले. दादा म्हणाला, “बघ, गेले.” मी म्हणालो, “ते तुझेच होते.” मागच्या कुटुंबातले एक गृहस्थ समजूत घालायला मध्ये पडले आणि समजूत घालता घालता स्वतःचं मतही सांगून बसले. ते त्यांच्या मेव्हण्याला पटलं नाही. पाच मिनिटांत दोन मयतांचे नातेवाईक चार पक्षांत वाटले गेले. (त्यांच्या मयताचा पक्ष शेवटपर्यंत कळला नाही.) गुरुजी म्हणाले, “यजमान, पिंड वाळतायत.”

आत्याने माझा दंड धरला. “तू होतास ना जवळ शेवटी? काय म्हनला माझा भाऊ?”

हे मी बायकोलाही सांगितलं नव्हतं. बाबांनी आतल्या खोलीतून दोनदा हाक मारली होती. मी चर्चा बघत होतो. “दोन मिनिटं बाबा, याला उत्तर देऊ दे,” असं ओरडून मी टीव्हीतल्या माणसाला उत्तर देत राहिलो. तो मला ओळखतसुद्धा नाही. ब्रेक लागला तेव्हा आत गेलो, तर बाबा गेले होते.

घाटावर मी हे सगळं बोलून टाकलं. आता दादा माझी गचांडी धरणार, आणि तो त्याचा हक्कच होता. पण तो पिंडाकडे बघत म्हणाला, “मला फोन केला होता त्यांनी. त्याच वेळी. मी ग्रुपवर तुला उत्तर लिहीत होतो. कट केला.”

तीन वर्षांत पहिल्यांदा आमचं एकमत झालं. आम्ही दोघेही रडलो, लाज सोडून रडलो. मला वाटलं, आता तरी कावळा येईल. नाही आला. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला आणि तो पिंडाला लावून विधी उरकला.

दादा माझ्याबरोबर घरी आला. आई भिंतीला टेकून बसली होती. “शिवला का?” तिने विचारलं. मी नाही म्हणालो, आणि बाबा शेवटी काय सांगणार होते तेच कोणाला माहीत नाही, असं म्हणून पुन्हा रडायला लागलो.

“त्यात माहीत नसायला काय झालं?” आई म्हणाली. “रोजचंच. ‘त्याला आवाज कमी करायला सांग.’ शेवटचा महिनाभर त्यांनी दुसरं काही मागितलंच नाही.”

“मग मला सांगायचंस ना. मी टीव्ही बारीक केला असता.”

“टीव्हीचा नव्हे रे. टीव्हीवर त्यांना छान झोप लागायची. तुझा आवाज.”

“माझा? मी कधी ओरडतो? दादा, तू सांग. मी कधी ओरडलोय का कोणावर?”

दादा काही बोलायच्या आत वरच्या मजल्यावरच्या काकू जिना उतरून दारात आल्या आणि आईला हळूच म्हणाल्या, “वहिनी, आज दहावा आहे. आज तरी टीव्ही बंद ठेवायला सांगा त्याला.”

टीव्ही दहा दिवस बंदच होता.